उभं पान, आडवं पान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

रेडिओला पान नसतं. त्यामुळे आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याची अडचण रेडिओला कधीच आली नाही. ती मला आली, आणि तीही या वयात.

झालं असं की, एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयानं मला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर बोलायला बोलावलं. 'योगसंग्राम' लिहिणारे, चांद बोधल्यांचे शिष्य, सतराव्या शतकातले संतकवी. आयोजकांचं म्हणणं होतं की, नुसतं बोलू नका, पडद्यावर काही ओव्या दाखवा, तरुण मुलं येतात. मला त्यातलं काही येत नाही. मुलगी कॉम्प्युटरपाशी बसली, मी शेजारी खुर्ची ओढली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "अब्बा, पान उभं ठेवू की आडवं?"

मी म्हटलं, "ओव्या आहेत त्या उभ्या कर, चित्रं आहेत ती आडवी कर."

"तसं नाही होत. एका फाइलमध्ये सगळी उभी, नाही तर सगळी आडवी. दोन्ही हवी असतील तर दोन फाइली करायच्या आणि एकीतून दुसरीत उडी मारायची."

मला हे खरं वाटेना. चंद्रावर माणूस गेला आणि या यंत्राला एक पान उभं, एक पान आडवं ठेवता येत नाही? पण तिनं करून दाखवलं. मापाच्या खिडकीत जाऊन 'पोर्ट्रेट'वर टिचकी मारली की सगळीच्या सगळी पानं उभी होतात, आणि यंत्र विचारतं, मजकूर मोठा ठेवू की मावेल असा लहान करू? मोठा ठेवला तर कडा कापल्या जातात, लहान केला तर चष्मा शोधावा लागतो.

या प्रश्नानं मी एवढा का अस्वस्थ झालो, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात कविसंमेलन होतं. तिथल्या उत्साही मंडळींनी आम्हा कवींच्या कविता पडद्यावर दाखवायचं ठरवलं. माझी कविता सोळा ओळींची. आडव्या पडद्यावर चौदा ओळी मावल्या, उरलेल्या दोन पुढच्या पानावर गेल्या. मी वाचत होतो, लोक पडद्यावर बघत होते. चौदावी ओळ संपली आणि टाळ्या पडल्या. पुढचं पान आणायचं बटण दाबायला कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी उरलेल्या दोन ओळी टाळ्यांच्या आवाजात पुटपुटून खाली बसलो. कविता सगळी त्या दोन ओळींत होती, हे आता कुणाला सांगायचं?

तेव्हा माझा राग आडव्या पानावर होता. कविता उभी असते, तिला आडवं का निजवता, असं माझं म्हणणं. पण मुलीच्या प्रश्नानंतर मी जरा पुस्तकं चाळली, आणि माझी बाजू लंगडी पडत गेली. ती हकिकतच आज सांगतो.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं पान आडवं आहे. ते कुणी ठरवून आडवं केलेलं नाही, झाडानं केलं. ताडाचं पान लांब आणि अरुंद. त्याच्या पट्ट्या कापायच्या, त्यांना भोक पाडायचं, दोरी ओवायची, वरखाली लाकडी फळ्या लावून बांधून ठेवायचं. 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी बांधण्याचा, गाठ मारण्याचाच अर्थ आहे. पुढे कागद आला. कागदाला ताडपत्राची सक्ती नव्हती, तो हव्या त्या आकारात कापता आला असता. तरी लेखनिकांनी तो आडवाच कापला. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या पाहा. कागदावरच्या पोथीतही मध्ये दोरीच्या भोकापुरती जागा सोडलेली असते आणि तिथे लाल टिळ्यासारखा ठिपका किंवा नक्षी असते. दोरी गेली, भोक गेलं, भोकाची जागा मात्र राहिली. सवय काय असते ते त्या ठिपक्यात दिसतं.

पोथी आडवी राहण्यात सोयही होती. पोथी हातात धरून वाचायची नाही, समोर चौरंगावर ठेवायची. वाचलेलं पान वरच्या अंगाला उचलून पालथं घालायचं. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या हाताला ही हालचाल सहज पडते. म्हणून तर १९व्या शतकात मुंबईत शिळाछापखाने सुरू झाले, तेव्हा उभ्या बांधीव पुस्तकांबरोबर आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्याही छापल्या गेल्या. यंत्र परदेशातून आलं, पान मात्र घरचं राहिलं.

आता माझ्या कवितेच्या उभेपणाकडे येतो. जुन्या पोथीत ओवी कशी लिहिलेली असते? एकाखाली एक चरण? मुळीच नाही. सलग. चरण संपला की दंड, ओवी संपली की दोन दंड आणि आकडा, की लगेच पुढची ओवी त्याच ओळीत. पुष्कळदा शब्दांमध्येही जागा सोडलेली नसते. कागद महाग, आणि वाचणाऱ्याला चाल ठाऊक असायची. ओवी कुठे मोडायची हे डोळ्यानं नव्हे, गळ्यानं ठरत होतं. चरणाखाली चरण मांडून बाजूला पांढरी जागा सोडायची चैन आपल्या कवितेला छापील पुस्तकानं दिली. विल्यम केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं ते १८०५ साली, गणपत कृष्णाजींचं छापील पंचांग १८३१ सालचं. म्हणजे ज्या उभ्या कवितेचा मी कैवार घेत होतो, तिचं आपल्याकडचं वय फार तर दोनशे वर्षांचं. शेख महंमदांनी आपली ओवी माझ्यासारखी उभी कधी पाहिलीच नसणार. हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा वरमलो.

मग म्हटलं, आपल्या दुसऱ्या वारशाकडे बघू. अरबी-फारसी पुस्तक तर उभंच असतं ना? तिथेही गंमत निघाली. कुराणाच्या अगदी जुन्या, सातव्या शतकातल्या प्रती उभ्या आहेत. मग आठव्या ते दहाव्या शतकात, कूफी लिपीच्या काळात, चामड्याच्या पानांवरच्या प्रती आडव्या झाल्या. निळ्या पानांवर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेलं जे प्रसिद्ध कुराण आहे, ज्याची पानं आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत, ते आडवं आहे. पानावर पंधरा ओळी, आणि अक्षरं अशी ताणलेली की वाळवंटातल्या क्षितिजाची आठवण यावी. असं का झालं, याबद्दल अभ्यासकांनी तर्क केले आहेत. एक तर्क असा की, ख्रिस्ती लोकांच्या उभ्या पुस्तकांपासून आणि ज्यूंच्या गुंडाळ्यांपासून आपला ग्रंथ दुरूनही वेगळा ओळखू यावा. ते काही असो, पुढे कागद आला, लिपी गोलाईची झाली आणि पान पुन्हा उभं राहिलं. बगदादच्या इब्न अल-बव्वाबनं हिजरी ३९१ मध्ये, म्हणजे इसवी सन १०००-१००१ मध्ये लिहिलेली प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ती कागदावर आहे आणि उभी आहे. एकाच ग्रंथाचं पान तीनशे वर्षांत उभं होतं, आडवं झालं, पुन्हा उभं झालं. मजकुरात फरक नाही.

फारसी कवितेत तर तिसराच एक प्रकार सापडतो. त्याला 'सफीना' म्हणत. सफीना म्हणजे नाव, होडी. आवडीच्या गझला, रुबाया उतरवून घ्यायची लांबट वही, अरुंद कडेला शिवलेली. ती पुस्तकासारखी डावी-उजवीकडे उघडत नाही, खालून वर उघडते. खिशात किंवा बाहीत बसते. हे वाचलं आणि मी थांबलोच. कारण ही वही मला माहीत होती. आपल्याकडे तिला 'बाड' म्हणतात. कीर्तनकारांची, मठांतली बाडं. लांबट, अरुंद कडेला शिवलेली, पानं वर उलटायची. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडं जपून ठेवली आहेत. शिराझच्या रसिकाची होडी आणि आपल्या कीर्तनकाराचं बाड यांची शिवण एकाच कडेला. कुणी कुणाकडून घेतली, की दोघांनाही प्रवासातच कविता लागायची म्हणून दोघांनी तोच उपाय शोधला, या प्रश्नात मी पडत नाही. पण दोन्ही हातांत घेतली तर एक गोष्ट कळते. या वहीला उभी म्हणावं की आडवी, हे धरणाऱ्याच्या हातावर आहे.

इथवर वाचण्याच्या पानाबद्दल बोललो. मुलीचा प्रश्न मात्र दाखवण्याच्या पानाबद्दल होता, आणि हे दोन वेगळे व्यवहार आहेत. वाचतो एकटा माणूस. दाखवतो एक, बघतात पुष्कळ. त्यात बोलणारा वेगळा, चित्र वेगळं.

अकबराच्या चित्रशाळेत १५६२च्या सुमारास 'हम्झानामा'चं काम सुरू झालं आणि जवळजवळ पंधरा वर्षं चाललं. सुमारे चौदाशे चित्रं, कापडावर रंगवलेली, एकेक चित्र साधारण ६८ सेंटिमीटर उंच आणि ५२ सेंटिमीटर रुंद. त्यांतली आज दोनशेही उरलेली नाहीत. एवढं मोठं पान कोण मांडीवर घेऊन वाचणार? चित्राच्या पाठीमागे गोष्टीचा मजकूर लिहिलेला आहे. अभ्यासकांचं मत असं की, चित्र दरबाराकडे तोंड करून धरायचं आणि गोष्ट सांगणाऱ्यानं मजकुराच्या आधारानं सांगायचं. समोरच्यांना चित्र, बोलणाऱ्याला मजकूर! आज मुलगी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, त्यातही बोलणाऱ्याची टिपणं वेगळी आणि पडद्यावरचं पान वेगळं असतं. इतकंच नाही, यंत्र पडद्याचं पान आपणहून आडवं धरतं आणि टिपणाचं पान उभं. मापाच्या त्या खिडकीत दोघांसाठी वेगवेगळी निवड आहे.

आपल्या कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा, त्याला ते पोथीच म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीत एक चित्र दाखवायचं, त्याची कथा गायची, ते बाजूला सारायचं, पुढचं घ्यायचं. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही चित्रं बहुतेक आडवी. त्याला कारणही आहे. चित्रात दोन पक्ष समोरासमोर उभे असतात, इकडे राम तिकडे रावण, मध्ये बाणांची गर्दी. संवादाला, भांडणाला आणि युद्धाला आडवी जागा लागते. एकट्या माणसाला उभी पुरते. चित्रकारांच्या बोलीतले दोन शब्द आपण आज कागदाच्या मापाला वापरतो, त्यांचा अर्थही हाच. 'पोर्ट्रेट' म्हणजे माणसाचं चित्र, 'लँडस्केप' म्हणजे भूमीचं.

पुढे काच आणि दिवा आले. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावानं काचांवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. मॅजिक लँटर्नला असं नाव देणाऱ्या माणसाला माझा सलाम. मग सिनेमा. एडिसनच्या प्रयोगशाळेत ३५ मिलिमीटरची फिल्म ठरली आणि चित्राची रुंदी-उंची चारास तीन झाली. दूरचित्रवाणीनं तेच प्रमाण उचललं, कॉम्प्युटरच्या पडद्यानंही.

मात्र मधल्या काळातली एक गोष्ट आपण विसरलो आहोत. आमच्या तरुणपणी व्याख्यानात स्लाइड्स दाखवत, त्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या. चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचं, पण त्याची चौकट चौरस असायची, दोन इंच बाय दोन इंच. त्यामुळे मिनाराचा फोटो उभा घाला, नदीचा आडवा घाला, प्रोजेक्टर तक्रार करत नसे. ओव्हरहेड प्रोजेक्टर तर त्याहून सोशिक. त्याची काच चौरस, साधारण दहा इंचांची. पारदर्शक कागद हवा तसा ठेवा. मास्तर उभा कागद ठेवून ओळीखाली ओळ उघडी करत न्यायचे, वरून एक कोरा कागद सरकवत. सोळा ओळींची कविता त्यावर सुखानं मावली असती.

१९८७ साली कॅलिफोर्नियात फोरथॉट नावाच्या लहान कंपनीनं पॉवरपॉइंट बाजारात आणलं. रॉबर्ट गॅस्किन्स यांची कल्पना, डेनिस ऑस्टिन यांनी लिहिलेला प्रोग्राम. तो पहिल्यांदा फक्त मॅकिंटॉशवर चालायचा, तोही काळा-पांढरा, आणि त्याचं मुख्य काम होतं ओव्हरहेडचे कागद तयार करणं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत रंगीत स्लाइड्स आल्या. १९९२च्या तिसऱ्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरमधून थेट पडद्यावर दाखवायची सोय झाली. कागद गेला, फिल्म गेली, आणि त्यांच्याबरोबर चौरस काचही गेली. कोडॅकनं २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं. आता पान पडद्याला बांधलं गेलं, आणि पडदा आडवा. २०१३च्या आवृत्तीत तर पान मुळातच सोळास नऊ झालं, म्हणजे आणखी पसरलं. रुंदी वाढली, ओळींची संख्या मात्र वाढली नाही.

पडदा आडवाच असावा, असं काही आकाशातून ठरून आलेलं नव्हतं. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा कॉम्प्युटर तयार झाला, त्याचा पडदा उभा होता, टेबलावर ठेवलेल्या कागदासारखा. त्या मंडळींच्या डोक्यात कचेरीतलं पान होतं. पुढे टीव्हीची नळी स्वस्त मिळू लागली आणि कॉम्प्युटरनं तिचं रूप घेतलं. आता मोबाइलनं पुन्हा पान उभं केलं आहे. माझी मुलगी कॉम्प्युटरवर आडवं पान बनवते आणि तिची मुलं तेच पान उभ्या मोबाइलवर चिमटीनं मोठं करून बघतात. इब्न अल-बव्वाब असता तर हसला असता.

कागदाच्या मापात एक शहाणपण आहे, ते मला या सगळ्या शोधात सर्वांत आवडलं. आपण रोज वापरतो तो ए-फोर कागद, २१० बाय २९७ मिलिमीटरचा. त्याचं प्रमाण असं की, मधोमध घडी घातली तर अर्ध्या कागदाचं प्रमाणही तेच राहतं. गेऑर्ग लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन विद्वानानं १७८६ सालच्या एका पत्रात हा गुण लिहून ठेवला, आणि १९२२ साली वॉल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नानं तो जर्मनीचा नियम झाला. आता यातली खुबी बघा. आडव्या कागदाला घडी घातली की दोन उभी पानं मिळतात. उभ्याला घातली की दोन आडवी. एकाच्या पोटात दुसरं.

हे मी मुलीला घडी घालून दाखवलं. ती म्हणाली, "अब्बा, उघडलेलं पुस्तक आडवंच असतं की."

खरं होतं. मी उभ्या पानाचा कैवार घेत होतो, पण पुस्तक उघडून समोर ठेवलं की ते आडवं असतं, दोन उभी पानं शेजारी शेजारी. फारसी हस्तलिखितांत शेराचे दोन मिसरे एकाखाली एक नव्हे, शेजारी शेजारी लिहीत, मध्ये पांढरी पट्टी सोडून. शाहनाम्याच्या पुष्कळ प्रतींत तर पानावर असे चार-चार रकाने असतात. माझ्या सोळा ओळी त्या कविसंमेलनात कुणी आठ-आठ करून शेजारी मांडल्या असत्या, तर एका पानात मावल्या असत्या. कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

शेवटी आम्ही पान आडवं ठेवलं. डाव्या अंगाला पोथीत असते तशी सलग ओवी, दंडांसह, उजव्या अंगाला तीच ओवी चरणाखाली चरण. एका पडद्यावर एकच ओवी. मुलगी म्हणाली, फार रिकामं दिसतंय. मी म्हटलं, राहू दे, बोलायला माझ्याकडे पुष्कळ आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयात पडदा नव्हता, भिंत होती. भिंतीवर मधोमध एक जुनं कपाट, ते हलेना. मग प्रोजेक्टर तिरका ठेवून उरलेल्या जागेवर चित्र पाडलं. उजवी बाजू कपाटावर गेली, डाव्या बाजूची सलग ओवी तेवढी भिंतीवर नीट दिसत होती. पहिल्या रांगेत एक आजोबा बसले होते. त्यांनी ती न अडखळता, चालीत म्हणायला सुरुवात केली. चरण कुठे संपतो हे त्यांना कुणी दाखवावं लागलं नाही. मी बोलायचं थांबलो आणि पुढचं पान आणायची खूण केली.